स्ट्रासबुर्गचा कोंबडा आणि आमचे डॉक्टर

युरोपला जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो आयफेल मनोऱ्याविषयी. आम्ही तो पाहिला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा घोटाळा टळेल. विमानतळावरून बाहेर पडलो ते थेट पॅरिसच्या पूर्व स्टेशनावर, आणि तिथून दोन तासांच्या आत गाडीने आम्हाला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, जर्मनीच्या सीमेला खेटून असलेल्या स्ट्रासबुर्गला नेऊन सोडले. कोल्हापूरहून पुण्याला जायला लागतो त्याच्या निम्मा वेळ!

आम्ही म्हणजे तिघे. मी, आमचे डॉक्टर, आणि ह्यांचा एके काळचा विद्यार्थी. तो आता चौतिशीचा मोठा शल्यवैद्य आहे. पण घरात त्याला सगळे अजून ‘धाकटे डॉक्टर’ म्हणतात आणि तो मला काकू म्हणतो. दोघे निघाले होते यंत्रमानवाकडून शस्त्रक्रिया शिकायला. मी निघाले होते, कारण तीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच एखाद्या गोष्टीला घाबरलेले मी पाहिले होते.

गोष्ट अशी. हे ज्या रुग्णालयात काम करतात, तिथे एक यंत्र घेण्याचे ठरले. कोट्यवधींचे यंत्र! ते चालवायला कुणी शिकायचे, ह्यावर सभा झाली. सभेत एक गृहस्थ अगदी आदराने म्हणाले, “डॉक्टरसाहेबांना आता ह्या वयात कशाला त्रास? तरुण माणसाला पाठवू.” हे हसले, “बरोबर आहे” म्हणाले, आणि घरी येऊन जेवले नाहीत. आठ दिवसांनी स्वतःच्या पैशाने त्यांनी आपलेही नाव घातले. वय अठ्ठावन्न. अट्ठावीस वर्षे ह्यांनी पोटे उघडून शस्त्रक्रिया केल्या; मध्यंतरी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली तीही शिकले, पण मनापासून नव्हे. “हात आत गेल्याशिवाय मला दिसत नाही,” असे ते म्हणत. ऐकणाऱ्याला हा विनोद वाटे. तो विनोद नव्हता.

स्ट्रासबुर्ग हे गाव नदीने मांडीवर घेतल्यासारखे वसले आहे. ईल नावाची नदी दोन हातांनी जुन्या गावाला कवळते. काठाला लाकडी पट्ट्यांची, पुढे झुकलेली, शेकडो वर्षांची घरे. त्या भागाला ‘छोटे फ्रान्स’ म्हणतात. नाव गोड, पण मूळ ऐकले तर हसावे की काय करावे कळत नाही. जर्मन बोलणाऱ्या ह्या गावात गुप्तरोगाला ‘फ्रेंच रोग’ म्हणत, आणि त्या रोग्यांचे इस्पितळ इथे होते. त्यावरून हे नाव पडले! आम्ही गेलो तेव्हा फाल्गुन होता. करकोचे नुकतेच परतले होते आणि घरट्यांत चोची वाजवून एकमेकांची विचारपूस करीत होते.

गाव वैद्यकीचे जुने आहे. इथल्या हिरोनिमस ब्रुन्श्विग नावाच्या शल्यवैद्याने १४९७ साली शस्त्रक्रियेचे पुस्तक छापले, आणि १५१७ साली हान्स फॉन गेर्सडोर्फने रणांगणावरील जखमांच्या उपचाराचे. युरोपात शस्त्रक्रियेला जो शब्द आहे, त्याचा ग्रीक अर्थ ‘हाताचे काम’ असा आहे, असे ह्यांनी मला गाडीतच सांगितले होते. सांगताना आपल्या हातांकडे पाहिले होते.

त्या हातांची मला सवय आहे. लग्न झाले तेव्हा आमच्या खोलीतल्या खुर्चीच्या पाठीला सुतळ्या लोंबत असायच्या. हे रात्री वाचता वाचता एका हाताने त्यांना गाठी मारायचे. पुढे मुलीच्या वेण्या घालताना, लोणच्याच्या बरणीला फडके बांधताना तीच गाठ. अंधारातसुद्धा सुटायची नाही.

सोमवारी सकाळी दोघे गेले. इर्काड नावाची ती संस्था प्राध्यापक झाक मारेस्को ह्यांनी १९९४ साली इथल्या जुन्या सरकारी इस्पितळाच्या आवारात काढली. जगभरचे शल्यवैद्य तिथे शिकायला येतात. मला आत काही काम नव्हते. मी गाव पाहायला निघाले.

मोठ्या देवळाला लागूनच एक राजवाडा आहे, त्यात संग्रहालय. तिथे मला एक कोंबडा भेटला. लोखंड, तांबे आणि लाकूड ह्यांचा. चौदाव्या शतकाच्या मध्याचा. देवळात त्या काळी बसवलेल्या पहिल्या घड्याळावर हा उभा असे. वेळ झाली की पंख फडफडवी, चोच उघडी आणि भात्याच्या हवेने आरवे. आपोआप चालणारी इतकी जुनी आकृती युरोपात क्वचितच शिल्लक असेल. म्हणजे आमचे डॉक्टर पलीकडच्या रस्त्यावर ज्या यंत्राशी झुंजत होते, त्याचे खापरपणजोबाच हे! मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि म्हटले, “बाबा रे, तुझ्या पणतवंडाला जरा सांभाळून घ्यायला सांग.”

कोंबड्याने काही मनावर घेतलेले दिसले नाही. संध्याकाळी हे परत आले ते कोट न काढताच पलंगावर बसले.

“दोरा तुटला,” म्हणाले.

“कुठला?”

“सगळे.”

मग हळूहळू कळले. ‘यंत्रमानव’ म्हटले की आपल्यापुढे पत्र्याचा माणूस उभा राहतो. तसे काही नसते, आणि ते यंत्र स्वतःहून काहीच करीत नाही. रोग्याच्या पोटाला लहान लहान भोके पाडून यंत्राचे हात आत सोडतात. डॉक्टर काही पावलांवर एका पेटीपुढे बसतो. डोळे पेटीच्या खिडकीला लावतो, बोटे दोन कड्यांत अडकवतो, आणि पाय खालच्या पायपट्ट्यांवर ठेवतो. त्याचे बोट इकडे वळले की आतले टोक तिकडे वळते, अगदी मनगटासारखे. हात थरथरला तर यंत्र ती थरथर गाळून टाकते. दृश्य मोठे दिसते आणि खोलीसकट दिसते. डोके खिडकीतून काढले की हात जागच्या जागी थांबतात. सगळे छान. फक्त एक गोष्ट नाही: स्पर्श. आतल्या टोकाला कठीण लागले की मऊ, दोरा सैल आहे की ताणला, हे बोटांना कळत नाही. २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या नव्या यंत्रात थोडाफार जोर हातापर्यंत पोचवण्याची सोय झाली आहे. पण जगातली बहुतेक यंत्रे मुकीच आहेत, आणि आमच्याकडे येणारेही मुकेच.

अट्ठावीस वर्षे ज्या बोटांनी पाहिले, त्या बोटांवर पट्टी बांधली गेली होती. हे गाठ आवळीत, नेहमीच्या अंदाजाने, आणि दोरा तुटे. शेजारच्या पेटीवर धाकटे डॉक्टर खोट्या खुंट्यांवर खोटी कडी भराभर चढवीत होते. वर्गात पंचविशीतली एक मुलगी होती. तिने अजून एकटीने एकही मोठी शस्त्रक्रिया केलेली नव्हती. पहिल्या दिवसाचे गुण तिचे ह्यांच्यापेक्षा जास्त.

“परत गेल्यावर सांगून टाकतो,” हे म्हणाले. “त्या गृहस्थांचे खरे होते.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी नवऱ्याशी वाद घालू नये, चहा करावा. पण हॉटेलात चहाही नव्हता.

रात्री जेवताना धाकट्या डॉक्टरांनी विषय काढला. तिथे पातळ भाकरीसारख्या रोटीवर साय आणि कांदा पसरून भट्टीत भाजतात. आम्ही त्यातले डुकराचे मांस वगळायला सांगून तीच मागवली होती. “काकू,” तो म्हणाला, “सरांना वाटतंय की मी हुशार आहे. मी हुशार नाही. मी दहा वर्षे दुर्बिणीनेच काम केलंय. दुर्बिणीच्या कामातही काठीच्या टोकाने शिवायचं असतं, स्पर्श अगदी बेताचा. मला त्या उपवासाची सवय आहे, सरांना नाही. शिवाय लहानपणी मी अभ्यास सोडून पडद्यावरचे खेळ खेळलोय.”

आणि त्याने एक गंमत सांगितली. २००७ साली अमेरिकेत ३३ शल्यवैद्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी काळी आठवड्याला तीन तासांहून अधिक पडद्यावरचे खेळ खेळलेल्यांच्या चुका दुर्बिणीच्या सरावात ३७ टक्क्यांनी कमी निघाल्या, आणि ते २७ टक्क्यांनी जलद होते. हे वाक्य आपल्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, एवढीच वाचकांना विनंती!

“पण दुर्बिणीवाल्यालाही काही विसरावं लागतं,” तो पुढे म्हणाला. “दुर्बिणीची काठी पोटाच्या भिंतीत टेकलेली असते, सी-सॉच्या फळीसारखी. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. दहा वर्षांत माझ्या हातांना ते उलटं चालणंच सरळ वाटू लागलं. ह्या यंत्रात पुन्हा सगळं सुलटं. उघड्या पोटात चालतात तसेच हात चालतात. म्हणजे सर, हे यंत्र खरं तर तुमच्याच हातांसाठी केलंय.”

हे नुसते “हं” म्हणाले. तेव्हा त्याने आणखी दोन उदाहरणे पुढे केली. कॅलिफोर्नियातल्या एका निष्णात शल्यवैद्याचा अनुभव २००३ साली छापून आला होता. उघड्या शस्त्रक्रियेत मुरलेला, दुर्बिणीच्या कामाचा अनुभव जवळजवळ नाहीच. तरी यंत्राच्या मदतीने प्रोस्टेटची अवघड शस्त्रक्रिया चार तासांत करण्याइतका हात त्याला बारा रोग्यांत बसला. आणि डेट्रॉइटचे डॉक्टर मणी मेनन. आपल्याकडेच, पुदुच्चेरीला शिकलेले. त्यांचे नाव झाले होते उघड्या शस्त्रक्रियेत. यंत्राला त्यांनी हात घातला तो पन्नाशी ओलांडल्यावर, आणि प्रोस्टेटच्या यंत्र-शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना झाली.

“ती पंचविशीतली मुलगी?” ह्यांनी विचारले. पाहा, दुखणे नेमके तिथे होते.

“ती कोरी पाटी आहे, सर. तिला काही पुसायचं नाही, म्हणून पहिल्या दिवशी पुढे. कड्यांचा खेळ कुणालाही येतो. पण कुठे कापायचं नाही, हे यंत्र तिला सांगत नाही.”

मला हे पटले, आणि त्याला कारण आहे. सासूबाईंनी मला हाताने शिवायला शिकवले होते. पुढे शिवणयंत्र घेतले तेव्हा महिनाभर माझे हाल झाले. हाताच्या सुईला बोटे कापड ओढतात. यंत्रावर ओढले की सुई मोडते. कापड नुसते सोडायचे असते. शिवाय पाय वेगळे चालवायचे. शेजारची मुलगी, जिने जन्मात सुई धरली नव्हती, ती चार दिवसांत माझ्यापुढे सरळ शिवणी घालू लागली. पण बाही बसवायची वेळ आली तेव्हा ती माझ्याकडेच आली. कारण कापडाची आडवी-उभी वीण, कुठे चुणी येणार, कुठे झोळ पडणार, हे यंत्राला ठाऊक नव्हते, मला होते. हे मी तिथे बोलून दाखवले. दोन्ही डॉक्टर माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले की मी पटकन आणखी एक रोटी मागवली.

मंगळवारी मी इस्पितळाचे तळघर पाहिले. इस्पितळाखाली दारूचे तळघर! १३९५ सालापासूनचे. एके काळी रोगी जमीन-मळे देऊन आपल्या उपचारांची भरपाई करीत, त्या मळ्यांची ही दारू. एका पिंपात १४७२ सालची पांढरी दारू अजून आहे. ती आजवर तीनदाच दिली गेली. त्यातली पहिली वेळ १५७६ सालची. झुरिकच्या लोकांना दाखवायचे होते की आपण संकटात ह्या गावाच्या मदतीला किती लवकर येऊ शकतो. त्यांनी वरीची गरम पेज भांड्यात घालून होडीत ठेवली आणि एका दिवसात नदीने इथे आणली. पेज अजून गरम होती! खूश होऊन गावाने ते पिंप उघडले.

आता योगायोग पाहा. त्याच आवारात, चारशे पंचवीस वर्षांनी, ७ सप्टेंबर २००१ रोजी एका अडुसष्ट वर्षांच्या बाईचे पित्ताशय काढले गेले. बाई इथे, आणि शस्त्रक्रिया करणारे मारेस्को अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कमध्ये! त्यांच्या हाताची हालचाल तारेने इथल्या यंत्रापर्यंत येई आणि चित्र परत जाई. ह्या सगळ्याला सेकंदाचा जेमतेम सहावा हिस्सा लागे. बाई बऱ्या झाल्या. चारच दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. पण पेज गरम पोचली होती, ह्यात शंका नाही.

आणि पिंपांच्या त्या गारव्यात माझ्या मनात आले की यंत्र होते, तार होती, तरी त्या दिवशी पलीकडे कुणी नवशिक्या बसवला नव्हता. आयुष्यभर पित्ताशये काढलेला माणूस बसवला होता.

बुधवारी हे उशिरा परतले, आणि जिन्यातच बोलू लागले. त्यावरून मी ओळखले.

झाले होते असे. आदल्या दिवशी धाकट्या डॉक्टरांनी ह्यांच्या मागे उभे राहून सांगितले, “सर, बोटांनी ओढू नका, डोळ्यांनी ओढा. दोऱ्याची सैल कमान सरळ होते, तिथे थांबा. कडेची ऊती पांढुरकी दिसू लागली की पुरे.” पंधरा वर्षांपूर्वी ह्यांनी त्याला गाठ शिकवली होती, आता तो ह्यांना शिकवीत होता. ह्यांनी ऐकले. दिवसभर तेच केले. बुधवारी दुपारपर्यंत दोरा तुटायचा थांबला.

मग एक खोटा प्रसंग दिला. यंत्राच्या पडद्यावर अचानक रक्तवाहिनी फुटते आणि सारे लाल होते. ती मुलगी गोंधळली. धाकटे डॉक्टर जलद. त्यांनी चिमट्याने चटकन वाहिनी धरायचा प्रयत्न केला, निसटली, पुन्हा धरली, पुन्हा निसटली. ह्यांची पाळी आली. ह्यांनी काहीच केले नाही! म्हणजे बोळा त्या जागेवर दाबला आणि थांबले. शिक्षक घड्याळ पाहू लागले. हे थांबलेलेच. मग शांतपणे शोषकनळीने जागा कोरडी केली, बोळा कडेने जरासा उचलला, नेमके तोंड पाहिले आणि एक टाका घातला. एकच.

“वेळ किती लागला?” मी विचारले.

“वर्गात सर्वांत जास्त.”

“आणि रक्त?”

“सर्वांत कमी,” धाकटे डॉक्टर मागून म्हणाले.

शुक्रवारी शिकवणी संपली आणि आम्ही तिघे देवळातले घड्याळ पाहायला गेलो. देऊळ असे की त्याचे एकशे बेचाळीस मीटरचे शिखर १६४७ पासून १८७४ पर्यंत जगातली सर्वांत उंच मानवी रचना होते. आत हे घड्याळ. पाव तासाला माणसाच्या चार अवस्थांपैकी एक मृत्यूपुढून जाते: आधी बालक, मग तरुण, मग प्रौढ, शेवटी म्हातारा. मृत्यूचा सांगाडा तासाचे टोल देतो. गावच्या साडेबाराला ह्या घड्याळाचे बारा वाजतात. तेव्हा बारा शिष्य येशूपुढून जातात आणि वर बसलेला नवा कोंबडा तीनदा आरवतो.

हे घड्याळ १७८८ च्या सुमारास बंद पडले होते. दंतकथा अशी की देवळाचा रखवालदार लोकांना सांगत होता, ‘आता हे कधी चालायचे नाही.’ गर्दीतला एक लहान मुलगा ओरडला, ‘मी चालवीन!’ मुलाचे नाव झां-बातिस्त श्विल्गे. दंतकथेचे सोडून द्या. पुढचे खरे आहे. तो घड्याळे करायला शिकला, गणित शिकला आणि शिकवलेही, वजनाचे काटे बनवले. घड्याळाचे काम त्याच्या हाती आले ते १८३८ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. १८४२ मध्ये घड्याळ चालू झाले. ते आजही चालते आहे.

मी हे माहितीपत्रकातून मोठ्याने वाचून दाखवले. मुद्दाम. हे वर पाहत राहिले. घड्याळातला म्हातारा मृत्यूपुढून हळूहळू निघून गेला.

“त्या म्हाताऱ्याची चाल बघ,” हे म्हणाले. “मुळीच घाई नाही.” मग विद्यार्थ्याकडे वळले, “असं करू. पहिले रोगी तू यंत्रावर, मी रोग्याशेजारी. माझं लक्ष आत. मी ‘थांब’ म्हटलं की थांबायचं. मग मी यंत्रावर, तू शेजारी. मी ओढायला लागलो की तू ‘थांब’ म्हणायचं.”

“आणि तुम्ही थांबाल, सर?”

“हे मात्र काकूला विचार.”

परत येऊन सात महिने झाले. यंत्र आले. बाहेरगावच्या अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली श्रावणात ह्यांनी पहिले पित्ताशय काढले. नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. रोगीण दुसऱ्या दिवशी हिंडू लागली. दुसऱ्या एका रोग्याच्या वेळी आतली गुंतागुंत पाहून ह्यांनीच यंत्र बाजूला सारले आणि पोट उघडले. सभेतल्या गृहस्थांना त्यात हार दिसली. धाकटे डॉक्टर मला म्हणाले, “काकू, ते मला नसतं सुचलं. मी आणखी तासभर झगडलो असतो.”

काल गच्चीवर आकाशकंदील टांगायचा होता. दोरी ह्यांनी हातात घेतली. मी सवयीने बाजूला झाले, कारण ती गाठ डोळे मिटून होते. पण हे दोरीकडे टक लावून पाहत होते, कमान सरळ होईपर्यंत.

“अहो, हात आहेत ना तुमचे?” मी म्हटले.

“आहेत,” हे म्हणाले, “पण आता डोळेही आले आहेत.”

कंदील जरा वाकडा लागला आहे. पण सुटायचा नाही.